बोरू, खिळा आणि कळ

हाताने लिहावे की यंत्रावर, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा दोन गोष्टींभोवती फिरत राहते. एक पक्ष वेगाचा दाखला देतो, दुसरा सुंदर अक्षराचा. दोन्ही दाखले खरे आहेत. परंतु त्यांतून प्रश्नाचा गाभा हाती लागत नाही. लिहिण्याचे साधन बदलले म्हणजे केवळ लिहिण्यास लागणारा वेळ बदलतो असे नाही. कोणती अक्षरे टिकणार, कोणती जाणार आणि गेलेल्या अक्षरांबरोबर किती कागद मुके होणार, हेही त्या बदलात ठरून जाते. हे पाहण्यासाठी तंजावूरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या नगरात ताडपत्रावर कोरलेले लेखन, बोरूने कागदावर उतरवलेले लेखन, दगडावर खोदलेले लेखन आणि शिशाच्या खिळ्यांनी छापलेले लेखन अशी सारी रूपे जवळजवळ नांदत आली आहेत. आणि त्यांतील एक मोठा भाग मराठी आहे.

प्रथम ताडपत्राचा विचार करू. तमिळ लेखक ताडाचे पान डाव्या हातात धरीत असे आणि उजव्या मुठीतील लोखंडी लेखणीने, म्हणजे ‘एळुत्ताणि’ने, त्यावर अक्षरे कोरीत असे. कोरून झाल्यावर पानावर काजळी चोळली की ती ओरखड्यांत बसे आणि मजकूर दिसू लागे. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ‘ओरखडणे’ असाच आहे. म्हणजे आपण शाईने लिहितो तेव्हाही शब्द ओरखड्याचाच वापरतो. ताडपत्राचे धागे पानाच्या लांबीला समांतर जातात. त्यांवरून सरळ आडवी रेघ जोराने ओढली तर पान चिरण्याचे भय असते. दक्षिणेकडील लिप्या वाटोळ्या का झाल्या, याचे कारण अनेक अभ्यासक येथेच शोधतात. टिंबाचीही तीच गत. तमिळमध्ये व्यंजनावर ‘पुळ्ळि’ नावाचे टिंब दिले की ते पाय मोडलेले समजले जाते. पण लोखंडी टोकाने टिंब द्यावयाचे म्हणजे पानाला भोकच पडावयाचे. त्यामुळे ताडपत्रांत टिंबे बहुधा दिलेली नसत आणि वाचकाने संदर्भावरून ती मनात भरून घ्यावीत अशी अपेक्षा असे. ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’, ‘ओ’ यांतील भेदही असाच पुसट राहिला होता. अठराव्या शतकात वीरमामुनिवर या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेस्की या इटालियन धर्मोपदेशकाने त्यासाठी वेगळ्या खुणा रूढ केल्या. साधन काय सोसू शकते, त्यावर लिपीने काय सांगावे हे ठरते, याचा हा पहिला धडा.

१६७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावूरला भोसल्यांची सत्ता स्थापन केली. तिच्याबरोबर या नगरात मराठी कारकून आले, कागद आणि बोरू आले, आणि मोडी लिपी आली. परंपरा मोडीचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडते. ते कितपत खरे हा वाद बाजूस ठेवला, तरी मोडीचा हेतू तिच्या घडणीतच स्पष्ट दिसतो. हात न उचलता लिहिता यावे, हाच तो हेतू. लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराचे तोंड होई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. विरामचिन्हांचा प्रश्नच नव्हता. इकार आणि उकार ऱ्हस्व की दीर्घ, याची तमा बाळगली जात नसे. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत एकच. ज्या दप्तरात दिवसभरात शेकडो ओळी उतरवावयाच्या, तेथे ही काटकसर अगदी शहाणपणाची होती.

मराठीत हस्ताक्षराबद्दल बोलताना ‘वळण’ हा शब्द येतो. अक्षराचे वळण आणि मुलाला लावलेले वळण यांना भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि तो सहज दिलेला नाही. धूळपाटीवर किंवा कित्त्यावर अक्षर गिरवताना मूल आकृती डोळ्यांनी शिकत नसते, ती हाताने शिकत असते. मोडीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. मोडीतील अक्षर म्हणजे स्थिर आकृती नव्हे. ती हाताची एक हालचाल आहे. मागे कोणते अक्षर होते आणि पुढे कोणते येणार, यावर तिचा आकार पालटतो. म्हणून मोडी वाचणारा अनुभवी माणूस अवघड जागी अडला की बोटाने हवेत किंवा टेबलावर ते अक्षर गिरवून पाहतो. डोळ्याला न उलगडलेले पुष्कळदा बोटाला उलगडते.

याच काळात मराठी माणसाचा दुसरा एक हातही होता, तो म्हणजे बाळबोध लिपीचा. पोथ्या, स्तोत्रे, काव्ये बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिली जात. हिशेब, पत्रे, कतबे आणि आज्ञापत्रे मोडीत. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यातील उपदेश बाळबोध लेखनाचा आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. अक्षरे सुटी व सारखी असावीत, ओळी सरळ असाव्यात, त्यांच्यातील अंतर सारखे असावे, आणि ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर व शेवटचे अक्षर यांत फरक दिसू नये, असा त्याचा रोख आहे. रामदासी संप्रदायाचे मठ तंजावुरातही होते, तेव्हा हा आदर्श तेथील लेखकांना परका नसणार. आता या अपेक्षा पुन्हा एकदा पाहाव्यात. सुटी अक्षरे, समान अंतर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घाट हे सारे गुण हाताकडून मागितले असले तरी ते मुळात खिळ्याचे गुण आहेत. पोथी लिहिणारा हात छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून छापल्यासारखे लिहिण्याची धडपड करीत होता. मोडीचा हात मात्र नेमक्या उलट दिशेने धावत होता. यंत्र आले तेव्हा या दोहोंपैकी कोणाचे भले होणार हे जणू आधीच ठरलेले होते.

ठसा आणि हात यांची वाटणी त्या काळी कशी होती, हेही पाहण्यासारखे आहे. मराठा राज्यातील अधिकृत पत्राचा मजकूर कारकून किंवा चिटणीस हाताने लिही. त्याला अधिकार येई तो शिक्क्यामुळे: मुख्य मुद्रा पत्राच्या माथ्यावर, आणि मजकूर संपला तेथे पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून लहान मर्यादामुद्रा. म्हणजे मजकूर हाताचा आणि प्रामाण्य ठशाचे. आज कोणत्याही कचेरीतील कागद उचलावा. मजकूर यंत्रावर टंकलेला असतो आणि खाली सही मात्र हाताची मागितली जाते. दोनशे वर्षांत ही वाटणी बरोबर उलटी झाली. या बदलाची चाहूल तंजावुरातच लागते. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर त्यांची इंग्रजी अक्षरांतील सही आढळते. ज्यांच्या दप्तरातील पत्रे मोडीत लिहिली जात होती आणि शिक्क्याने प्रमाण होत होती, तेच राजे पुस्तकावर मालकी सांगताना इंग्रजी रीतीने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहीत होते.

सरफोजींचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला, राजवाडा आणि पुष्कळ मोकळा वेळ उरला. तो त्यांनी ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि विद्या यांवर खर्च केला. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सरस्वती महाल ग्रंथालय हे त्याचे फळ होय. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. हा भारतातील अतिशय विस्तृत शिलालेखांपैकी एक मानला जातो. ज्या दरबारात रोजचे सारे लेखन मोडीत चाले, त्या दरबाराने दगडावर जाताना देवनागरी निवडली. छिन्नीला मोडीचे सलग वळण सोसण्यासारखे नाही. छिन्नीला संस्कृतात ‘टंक’ म्हणतात, आणि टंकलेखन हा आपला आजचा शब्द त्याच टंकाची आठवण करून देतो.

त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८०५ च्या सुमारास, तंजावुरात देवनागरी छापखाना सुरू झाला. १८०६ मध्ये त्यातून इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. महाराष्ट्राच्या भूमीवर मराठी ग्रंथमुद्रण रुळण्यापूर्वीच कावेरीकाठी मराठी पुस्तक छापले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांच्या फारशी ध्यानात नसते. शेजारच्याच तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत त्सीगेनबाल्ग याने १७१३ पासून तमिळ मुद्रण चालवले होते, त्यामुळे छापील अक्षर या प्रदेशाला अगदीच नवे नव्हते. परंतु तंजावूरच्या छापखान्यातही मोडीला जागा मिळाली नाही.

मोडी छापताच येत नव्हती असे मात्र नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरीच्या छापखान्याने मोडीचे खिळे पाडले होते आणि १८१० साली त्याचा मराठी कोश त्याच खिळ्यांनी छापला. तरीही हा प्रयोग रुजला नाही, आणि त्याचे कारण खिळ्याच्या स्वभावात आहे. खिळा म्हणजे शिशाचा एक सुटा चौकोनी ठोकळा. त्यावर एकच आकृती. जुळारी खणातून एकेक खिळा उचलून ओळीत बसवतो. मोडीत मात्र अक्षराला काना, उकार वा रकार लागला की सगळी आकृतीच बदलते आणि शेजारच्या अक्षराशी ती जोडलेली असते. तिचे तुकडे पाडावयाचे म्हणजे प्रत्येक जोडासाठी वेगळा खिळा हवा, किंवा मग जोड तोडून सुटी सुटी मोडी लिहावयाची, म्हणजे ती मोडीच राहात नाही. शिळामुद्रणाने काही काळ यावर तोड काढली. गुळगुळीत दगडावर हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उमटवणारे हे तंत्र मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकापासून वापरात आले, आणि शाळांतील मोडीची वाचनपुस्तके त्यानेच निघत. पण हा हात आणि यंत्र यांच्यातील तात्पुरता तह होता.

तंजावुरात मोडीचा आधार वेगळ्याच कारणाने सुटला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. दरबार गेला, त्याबरोबर दप्तरही थांबले. लिहिणारे हात नवा कारभार शिकले, म्हणजे इंग्रजी आणि तमिळ. महाराष्ट्रात मोडी आणखी शंभर वर्षे तग धरून राहिली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध लिपीस प्राधान्य दिले आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एकदोन दशकांत मोडी शाळांतूनही गेली. तिला कोणी बंदीने मारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. छापखाना तिला घेत नव्हता, टंकलेखनयंत्र तर मुळीच घेत नव्हते, आणि ज्या अक्षराला यंत्रात जागा नाही त्याला कचेरीतही जागा उरली नाही.

टंकलेखनयंत्राची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. यंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा असतात. प्रत्येक कळीवर वर-खाली दोन आकृत्या. म्हणजे नव्वदच्या आसपास आकृत्यांत सारी लिपी बसवावयाची. देवनागरी रेमिंग्टन यंत्राने त्यासाठी एक युक्ती योजली: अनेक अक्षरांचे अर्धे रूप एका कळीवर, आणि ते पुरे करणारा काना वेगळ्या कळीवर. ‘ग’ टंकावयाचा तर आधी अर्धा ग् आणि मग दंड. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूस दिसते म्हणून ती आधी दाबावयाची आणि अक्षर नंतर. उच्चारात मात्र अक्षर आधी येते! टंकलेखकाच्या बोटांना भाषेची ही उलटसुलट अंगवळणी पडलेली असे. पुढे संगणकासाठी १९८६ मध्ये ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने उच्चाराचा क्रम पुन्हा जागेवर आणला. जोडाक्षरांची मात्र यंत्रावर दैना झाली. हाताने सहज एकाखाली एक लिहिली जाणारी अक्षरे हलन्त चिन्ह देऊन शेजारी शेजारी उभी केली गेली, आणि एका पिढीच्या डोळ्यांना तेच रूप नेहमीचे वाटू लागले.

तमिळ लिपीत जोडाक्षरे जवळजवळ नाहीत, त्यामुळे तिचा प्रश्न सोपा असेल असे वाटते. परंतु स्वर, व्यंजने आणि त्यांची बाराखडी धरून तमिळ वर्णमालेत २४७ अक्षरे मोजली जातात. मुत्तय्या या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ यंत्र सिद्ध करताना काही खुणांच्या कळा अशा बसवल्या की त्या दाबल्यावर गाडा पुढे सरकू नये. खूण उमटावी आणि अक्षर त्याच जागी पडावे. तरीही काही आकारान्त व ऐकारान्त अक्षरांची खास वळणे यंत्राला आणि छापखान्याला जाचत राहिली. पेरियार ई. वे. रामस्वामी यांनी १९३५ पासून आपल्या नियतकालिकांत ती वळणे काढून टाकून नियमित रूपे वापरली, आणि १९७८ मध्ये तमिळनाडू सरकारने ती अधिकृत केली. त्या आधी शिकलेली माणसे हाताने लिहिताना जुनी वळणे काढीत राहिली. नव्या पिढीला ती जुन्या पुस्तकांतच भेटतात. एळुत्ताणिने एकदा तमिळ लिपीला आकार दिला होता, कळीने तो दुसऱ्यांदा दिला.

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. हस्तलेखनाचा कैवार घेताना ते सर्वांना सारखेच खुले होते असे समजले जाते; ते तसे नव्हते. मोडीचे सफाईदार वळण ही चिटणीस-कुलकर्ण्यांच्या घरांतील पिढीजात विद्या होती आणि ती त्या घरांचे उत्पन्नही होती. टंकलेखनाने ही मिरासदारी मोडली. तमिळनाडूत टंकलेखन शिकवणाऱ्या खाजगी संस्थांचे जाळे गावोगावी पसरले. सरकारच्या तंत्रशिक्षण खात्यातर्फे त्यांच्या परीक्षा होतात आणि उत्तीर्ण झालेल्यांना टंकलेखकाच्या सरकारी जागांसाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रातही हेच घडले. शेतमजुराची मुलगी आणि कारकुनाचा मुलगा शेजारी बसून एकच धडा बडवू लागली आणि दोघांच्या कागदावरील अक्षर तंतोतंत सारखे उमटू लागले. कोणाचे अक्षर मोत्यासारखे, कोणाचे कोंबडीच्या पायासारखे, हा भेद तेथे संपला. ही यंत्राची देणगी लहान नव्हे.

आता मुक्या झालेल्या कागदांकडे वळू. सरस्वती महालात मराठा राजवटीच्या मोडी कागदपत्रांचे तेराशेंहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गाठोडे. देवस्थानांची उत्पन्ने, राजवाड्याचा खर्च, नेमणुका, दानधर्म, पत्रव्यवहार असा एका राज्याचा रोजचा संसार त्यांत आहे. १९१८ मध्ये हे ग्रंथालय जनतेला खुले झाले. परंतु खुले होणे आणि वाचता येणे या दोन गोष्टी निराळ्या. येथील संस्कृत हस्तलिखितांची सूची बर्नेलने १८८० मध्येच प्रसिद्ध केली होती आणि पुढे तिच्या विस्तृत आवृत्त्याही निघाल्या, कारण पोथ्यांच्या लिप्या वाचू शकणारे पंडित होते. मोडी रुमालांना इतके भाग्य लवकर लाभले नाही. महाराष्ट्रातील मोडी जाणणारे तंजावूरपासून दूर, आणि तंजावुरातील इतिहासकार बहुधा तमिळ. त्यांना मोडी अपरिचित. त्यातून या कागदांतील मराठीत तमिळ शब्दांची सरमिसळ. नुसती मोडी येऊन भागत नाही, नुसती तमिळ येऊनही भागत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे करवून प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे या प्रदेशाच्या लोकांना आपल्याच पूर्वजांच्या जगण्याचे तपशील आपल्या भाषेत वाचावयास मिळाले. मात्र एवढ्या राशीपुढे ते काम मूठभरच ठरते.

त्याच संग्रहात सरफोजींच्या काळातील नेत्ररोग्यांची टिपणे आहेत. ती इंग्रजीत आहेत आणि त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. मजकूर आणि चित्र एकाच पानावर शेजारी उतरवण्यास हाताला काही अडचण पडत नाही. टंकलेखनयंत्राला ते कधीच साधले नाही. हाताच्या बाजूने सांगावयाचे असेल तर सुंदर अक्षरापेक्षा हे अधिक वजनदार आहे.

हाताने लिहिल्याने मनावर काही निराळा ठसा उमटतो काय, याचा शोध अलीकडे प्रयोगांनी घेतला गेला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत अद्याप वाचू न शकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने काढावयास, काही गिरवावयास आणि काही कळ दाबून उमटवावयास दिली. नंतर तीच अक्षरे दाखवली असता, हाताने स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग अधिक जागृत झालेले आढळले. मुलाने काढलेले वेडेवाकडे अक्षर दर वेळी थोडे निराळे असते, आणि त्या निराळेपणातूनच अक्षराचे खरे लक्षण त्याला उमगते, असा अर्थ संशोधकांनी लावला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांविषयीचा २०१४ मधील प्रयोग अधिक गाजला. व्याख्यानाची टिपणे हाताने घेणारे विद्यार्थी विचारप्रधान प्रश्नांना टंकणाऱ्यांपेक्षा बरी उत्तरे देतात, कारण हात मंद असल्यामुळे त्यांना ऐकलेले निवडून आणि संक्षेपून लिहावे लागते, असे त्यात म्हटले होते. मात्र पुढे हाच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा फरक बराच क्षीण आढळला. तेव्हा प्रौढ माणसाने सर्व टिपणे हातानेच घ्यावीत असा फतवा काढण्याइतका पुरावा नाही. लहान मुलाच्या पाटीचा पुरावा त्या मानाने भक्कम आहे.

तंजावूर आणि आसपासच्या भागात आजही मराठी घरे आहेत. त्यांची मराठी तीनशे वर्षे तमिळच्या शेजारात वाढलेली, महाराष्ट्रातील मराठीपेक्षा निराळ्या चालीची आहे. ती मुख्यतः घरात बोलली जाते. शाळा तमिळ वा इंग्रजी. दप्तर गेल्यावर या मराठीला लेखनाचे रोजचे कारणच उरले नाही. भ्रमणध्वनी आल्यावर मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. नातेवाईक एकमेकांना निरोप टंकू लागले आणि केवळ बोलण्यात उरलेली भाषा पुन्हा लिहिली जाऊ लागली. पण कोणत्या अक्षरांत? ज्यांना देवनागरीचा सराव नाही त्यांना जवळची दोनच अक्षरे, तमिळ नाहीतर रोमन. तमिळ लिपीत ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ या चारांसाठी मिळून एकच अक्षर आहे. ‘त’, ‘थ’, ‘द’, ‘ध’ यांचेही तसेच. त्यामुळे ‘घर’, ‘खर’ आणि ‘कर’ हे तिन्ही शब्द लिहिताना एकसारखेच उतरतात. रोमन अक्षरांत ‘घ’ वेगळा दाखवता येतो, परंतु तेथे ‘ताट’ मधील ‘त’ आणि ‘ट’ एक होऊन जातात, आणि ‘ळ’ बहुधा ‘ल’ मध्ये बुडतो. मोडीने इकार-उकारांची ऱ्हस्वदीर्घता सोडली होती. आताच्या टंकलेखनाने व्यंजनेच सोडली. तमिळ ताडपत्राच्या वाचकाप्रमाणेच या निरोपांच्या वाचकालाही गाळलेले मनाने भरून घ्यावे लागते, आणि ज्याच्या कानात घरची मराठी आहे त्यालाच ते जमते. ती कानात नसलेल्या नातवंडाला असा निरोप अक्षर न अक्षर वाचूनही कळणार नाही.

२०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्थान मिळाले. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी खिळ्याने नाकारलेली ही लिपी आता कळीवर आली आहे. संगणकावर मोडी टंकता येते, तिचे ठसेही उपलब्ध आहेत. तथापि युनिकोडनेही लिपीचे सुटे वर्णच मोजले. जोड कसे बांधावयाचे ते ठसा घडवणाऱ्याच्या कौशल्यावर सोडले. टंकलेल्या मोडीत ‘क’ दर वेळी त्याच घाटाचा येतो. रुमालातील मोडीत एकाच कारकुनाचा ‘क’ सकाळी एक आणि संध्याकाळी घाईत दुसरा, आणि शेजारच्या कारकुनाचा तिसराच. टंकलेली मोडी वाचावयास शिकलेल्याला दप्तरातील मोडी वाचता येईलच असे नाही.

संगणकाकडून जुनी मोडी वाचून घेण्याचे प्रयत्नही आता चालू आहेत. त्यासाठी यंत्राला प्रथम हजारो ओळी दाखवाव्या लागतात आणि प्रत्येक ओळीसमोर तिचे अचूक देवनागरी रूप द्यावे लागते. ते देणारा माणूसच लागतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात तयार केलेल्या अशा ओळी पेशवाई वा करवीर दप्तराच्या वळणाच्या असतात. तंजावूरच्या वळणासाठी, त्यातील तमिळ शब्दांसाठी, तंजावूरचेच रुमाल सोडून कोणीतरी बसावे लागेल. मोडीच्या वर्गांत आजही पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला पेन्सिल आणि कोरा कागद आणावयास सांगतात. प्रथम कडेपासून कडेपर्यंत एक रेघ ओढावयाची, आणि मग हात न उचलता पहिले अक्षर.